नागरी सहकारी बँकेच्या मोबाइल ॲपमध्ये फसवणूक रोखण्याचं काम: मार्च ते ऑक्टोबर २०२५ च्या नोंदी

३ मार्च २०२५

आजपासून काम सुरू. आमची बँक मध्यम आकाराची, शाखा बहुतेक तालुक्याच्या गावी. ग्राहक म्हणजे पेन्शनर, शिक्षक, किराणा दुकानदार, ऊसवाले शेतकरी. मोबाइल ॲप एका व्हेंडरचं, सीबीएस (बँकेची सगळी खाती सांभाळणारी मुख्य संगणक प्रणाली) दुसऱ्याचं, आणि मधे आयटी विभागातले आम्ही मोजके लोक. अशाच बँकांत हेच काम काढणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतोय. जे चाललं नाही ते मुद्दाम सविस्तर लिहीन.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. तेव्हापासून सहकारी बँकांनी सर्व्हर, स्विच, फायरवॉल यांवर पैसा घातला आणि तो घालायलाच हवा होता. पण आमच्याकडच्या अलीकडच्या तक्रारींच्या फायली काढून वाचल्या, तर एकाही प्रकरणात सर्व्हरला कुणी हात लावलेला नाही. पैसे गेलेत ते ग्राहकाच्या खऱ्या एमपिनने (ॲपच्या गुप्त आकड्याने), खऱ्या ओटीपीने. प्रकार दोनच. एकात फोनमध्ये शिरलेलं ॲप ओटीपी पळवतं. दुसऱ्यात समोरचा माणूस फोनवर बोलत राहतो आणि ग्राहक स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो. आत्ताच्या ॲपमध्ये या दोन्हींवर उपाय नाही. रूट केलेला (आतली बंधनं काढून टाकलेला) फोन ओळखायची सोय आहे, पण तक्रारींतला एकही फोन रूट केलेला नव्हता.

१० मार्च

एका शाखेतून फोन आला, निवृत्त ग्राहक मोबाइल घेऊन आलेत. गाडी काढून गेलो, कारण असा फोन हातात मिळणं दुर्मिळ. लोक घाबरून आधी फॅक्टरी रिसेट मारतात आणि मग बघायला काही उरत नाही.

काका म्हणाले, "साहेब, व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली होती. उघडली तर काहीच दिसलं नाही. मला वाटलं नेट गेलं."

पत्रिका म्हणजे एपीके फाइल, प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप बसवणारी. फोन आधी एरोप्लेन मोडवर टाकला. होम स्क्रीनवर आयकॉन नव्हता, पण सेटिंग्जमधल्या ॲपच्या पूर्ण यादीत एक नाव सापडलं. त्यावर बोट ठेवलं की पान उघडायचं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत होम स्क्रीनवर परत. पुन्हा उघडा, पुन्हा परत. ॲक्सेसिबिलिटीची (अपंगांच्या सोयीसाठी असलेली, पडदा वाचायची आणि बटणं दाबायची) परवानगी मिळालेलं ॲप स्वतःच "बॅक" दाबत होतं. फोन सेफ मोडमध्ये (बाहेरून घेतलेली ॲप्स बंद ठेवून) सुरू केला, तेव्हा कुठे ते गप्प बसलं. डिव्हाइस ॲडमिनमधून (जास्तीचे अधिकार दिलेल्या ॲप्सच्या यादीतून) नाव काढलं आणि मग अनइन्स्टॉलचं बटण दाबता आलं. एसएमएस वाचायची आणि पाठवायची परवानगी त्याच्याकडे होती. कॉल फॉरवर्डिंगही एका अनोळखी नंबरवर चालू होतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे जुलैत ती आडवी आली.

१९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार त्यांच्या मुलाने आधीच नोंदवली होती. त्यामुळे रकमेचा काही भाग समोरच्या बँकेत होल्ड झाला.

शाखेत एक वाद झाला तोही लिहितो. "ग्राहकाने ओटीपी दिला, चूक त्याची" असा शेरा फायलीवर तयार होता. प्रत्यक्षात काकांनी ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता, तो त्यांच्या नकळत गेला. सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचं १४ डिसेंबर २०१७ चं परिपत्रक आहे. त्यानुसार त्रयस्थाकडून झालेल्या फसवणुकीची खबर ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर त्याची जबाबदारी शून्य. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचा भार बँकेवर. शेरा बदलून घेतला. हे काम हाती घेणाऱ्या तांत्रिक माणसाने ते परिपत्रक स्वतः वाचावं. फोनमध्ये काय सापडलं हे तुम्ही नीट लिहून दिलं तरच फाइल सरळ मार्गाने जाते.

१८ मार्च

स्क्रीन शेअरिंगवर, म्हणजे ठगाला ग्राहकाचा पडदा दिसतो त्यावर, पहिला उपाय. ॲपच्या खिडक्यांना फ्लॅग सिक्युअर (पडद्याचं चित्र बाहेर जाऊ न देणारी अँड्रॉइडची खूण) लावला. आता स्क्रीन शेअर करणाऱ्या ॲपवर किंवा व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलवर आमचं ॲप काळं दिसतं. काम अर्ध्या दिवसाचं. ज्यांच्या ॲपमध्ये हे नाही त्यांनी बाकी सगळं सोडून आधी हे करावं.

तक्रार मात्र लगेच आली. पैसे पाठवल्यावर "यशस्वी" पानाचा स्क्रीनशॉट काढून दुकानदाराला टाकायची सवय सगळ्यांना आहे, तो निघेना. त्या एका पानावरचा फ्लॅग काढला, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडेच ठेवले, आणि "पावती पाठवा" असं बटण दिलं.

२६ मार्च

ॲक्सेसिबिलिटीवरचा पहिला प्रयत्न फसला. व्हेंडरने तयार लायब्ररी (ॲपमध्ये जोडायचा तयार कोड) दिली होती: फोनवर कुठलीही ॲक्सेसिबिलिटी सेवा चालू दिसली की ॲप उघडायचंच नाही. कर्मचाऱ्यांच्या फोनवर चाचणी लावली, तर निम्म्याहून जास्त जणांचं ॲप बंद. कुणाकडे पासवर्ड मॅनेजर, कुणाकडे ॲप लॉक, कुणाकडे फोनच्या कंपनीनेच घातलेली कसली तरी सेवा.

खरा धक्का वेगळा होता. आमचे एक ग्राहक पूर्ण अंध आहेत, सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर. टॉकबॅक (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय) लावून कितीतरी वर्षं ॲप वापरतात. चाचणीत त्यांना घेतलं आणि त्यांना ॲपच्या दारातच अडवलं गेलं. जो माणूस कुणाच्या मदतीशिवाय आपला पगार आपण बघतो, त्याच्याच हातातून ते काढून घेणारी सुरक्षा मला मान्य नाही. हे रूप तिथेच थांबवलं.

मार्च एंड आहे, १ एप्रिलपर्यंत कुठलाही बदल सोडायचा नाही असा आदेश आहे. मध्ये गुढीपाडवाही येतोय. पुढचं एप्रिलमध्ये.

१६ एप्रिल

दुसरं रूप. आता "चालू आहे का" एवढंच न बघता "कोण आहे आणि कुठून आलं" हे बघतो. फोनसोबत आलेली किंवा प्ले स्टोअरवरून घेतलेली सेवा असेल तर सोडायचं. बाहेरून एपीकेने आलेली असेल आणि तिच्याकडे एसएमएसची परवानगीही असेल तर धोका मोठा: ॲप उघडेल, शिल्लक दिसेल, पण नवीन लाभार्थी (ज्याला पैसे पाठवायचे ते खातं) जोडता येणार नाही आणि पैसे बाहेर जाणार नाहीत.

इथेही एक खाच निघाली. आपल्याकडे बऱ्याच अंध व्यक्ती टॉकबॅकऐवजी जिएशुओ नावाचा स्क्रीन रीडर वापरतात आणि तो अनेकांनी प्ले स्टोअरच्या बाहेरूनच घेतलेला असतो. आमच्या नियमाने तोही संशयित ठरला. शेवटी शाखेत येऊन फोन दाखवला की त्या फोनपुरती सूट नोंदवायची सोय केली. शाखेने फक्त सूट देऊन हात झटकायचे नाहीत, त्या फोनवरच्या बाकीच्या ॲप्सची यादीही बघायची.

अँड्रॉइड १४ पासून आणखी एक सोय आहे. ॲपमधला ठरावीक भाग संवेदनशील म्हणून जाहीर केला की जी सेवा खरोखर अपंगत्वासाठीची म्हणून घोषित आहे तिलाच तो दिसतो. एमपिनच्या आणि रकमेच्या रकान्यांना ते लावलं. पण आमच्या ग्राहकांचे फोन जुने, त्यामुळे एवढ्यावर विसंबता येत नाही.

ऑपरेटर साहेबांनी चाचणीत असं काही दाखवलं जे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नसतं. एमपिनच्या कीपॅडवर आकडे दर वेळी जागा बदलतात. डोळसांना त्याचा त्रास नाही. त्यांना मात्र प्रत्येक आकडा बोट फिरवून शोधावा लागतो, फोन तो मोठ्याने बोलतो, आणि शेजारच्याला अख्खा एमपिन ऐकू जातो. आता टच एक्सप्लोरेशन (बोट फिरवून ऐकत शोधायची ही पद्धत) चालू असेल तर कीपॅड सरळ क्रमाने येतो आणि हेडफोन लावायची सूचना आधी वाचली जाते.

१३ मे

सिम बाइंडिंग. ॲपची नोंदणी करताना त्या फोनमधूनच बँकेला एसएमएस गेला पाहिजे, म्हणजे सिम त्याच फोनमध्ये आहे हे पटतं. यूपीआयमध्ये हे पहिल्यापासून आहे. आमच्या ॲपमध्ये नुसता ओटीपी होता. तो चोरला की दुसऱ्या फोनवर नोंदणी होऊन जायची.

वेळ खाल्ला तो परवानगीने. एसएमएस पाठवायची परवानगी हवी तर प्ले कन्सोलवर (जिथून ॲप प्ले स्टोअरवर चढवतात तिथे) फॉर्म भरून कारण पटवून द्यावं लागतं. आमचा अर्ज परत आला, कारण एका जुन्या लायब्ररीत एसएमएस वाचायची परवानगी तशीच पडून होती आणि तिचा वापर आम्ही कुठेच दाखवला नव्हता. ती काढून पुन्हा अर्ज केला, मग मंजुरी आली. अर्ज करण्याआधी तयार झालेल्या बिल्डमधली (ॲपच्या अंतिम फाइलमधली) परवानग्यांची अंतिम यादी उघडून वाचा.

मधल्या काळात व्हेंडरने सोपा मार्ग सुचवला: फोनचं एसएमएस ॲप मजकुरासकट उघडायचं, पाठवायचं बटण ग्राहक दाबेल. मी नको म्हणालो. तो मजकूर ग्राहकाला दिसतो, म्हणजे कुणालाही त्याच्याकडून पाठवून घेता येतो. "केवायसी अपडेटसाठी हा मेसेज अमुक नंबरवर पाठवा" म्हणून ठग आपल्या फोनवरचा टोकन (त्या एसएमएसमधला नोंदणीचा सांकेतिक मजकूर) ग्राहकाकडून पाठवून घेतात आणि नोंदणी ठगाच्या फोनवर होते. टोकन ॲपनेच पार्श्वभूमीला पाठवावा आणि त्याची मुदत अगदी कमी ठेवावी.

प्रत्यक्षात अडलं ते साध्या गोष्टींवर. दोन सिमच्या फोनमध्ये एसएमएस दुसऱ्याच सिमवरून जायचा. आता सिम कोणतं ते आधी विचारतो. रिचार्ज संपलेल्या सिमवरून एसएमएस जातच नाही आणि पडद्यावर नुसतं "अयशस्वी" दिसायचं. त्या जागी "या सिमवरून एसएमएस जात नाही, रिचार्ज तपासा" असं लिहिलं, तर शाखांना येणारे फोन लगेच कमी झाले.

नवीन फोनवर नोंदणी झाल्यावर पहिले २४ तास बाहेर जाणाऱ्या रकमेला ५,००० रुपयांची मर्यादा. यूपीआयमध्ये तीच आहे, त्यामुळे लोकांना समजावणं सोपं गेलं.

९ जून

आता दुसरा प्रकार, म्हणजे ग्राहक स्वतः पैसे पाठवतो तो. "डिजिटल अरेस्ट" (खोट्या पोलिसांनी फोनवरच केलेली खोटी अटक), वीज तोडण्याची धमकी, पार्सलमध्ये सापडलेले अमली पदार्थ: कथा वेगवेगळ्या, पण सगळ्यांत एक गोष्ट सारखी. फोन ठेवू देत नाहीत.

फोनवर बोलणं चालू आहे का हे अँड्रॉइडमध्ये ऑडिओ मोडवरून कळतं, आणि त्याला वेगळी परवानगी लागत नाही. साधा कॉल असेल तर एक मोड, व्हॉट्सॲपसारखा इंटरनेट कॉल असेल तर दुसरा. आम्ही बोलणं ऐकत नाही, समोर कोण आहे हेही आम्हाला कळत नाही, हे संचालक मंडळाला दोनदा समजावून सांगावं लागलं. ग्राहकांसाठीही ॲपमध्ये स्पष्ट लिहिलं.

पहिला नियम: कॉल चालू असेल तर पैसे जाणार नाहीत. शाखांत चाचणीला दिला आणि दोन दिवसांत मागे घेतला. व्यापारी पुरवठादाराशी बोलत बोलतच पैसे पाठवतो. पुण्याला नोकरी करणारा मुलगा गावाकडच्या आईला कॉलवरच "आता हिरवं बटण दाब" असं सांगत असतो. त्यांचं अडवायचं कारण नव्हतं.

२७ जून

दुसरा नियम: जुन्या लाभार्थीला काही अडथळा नाही. लाभार्थी नवीन आणि कॉल चालू, एवढं जुळलं तरच इशारा. आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी खातेदाराचं नाव आधी दाखवायची सोय १ एप्रिलपासून आलीय, आम्हाला ती स्पॉन्सर बँकेमार्फत (आम्हाला या पेमेंट व्यवस्थेशी जोडणाऱ्या बँकेमार्फत) मिळते. ते नाव इशाऱ्यात मोठ्या अक्षरांत घातलं. मजकूर असा:

"तुम्ही आत्ता कॉलवर आहात. पैसे ज्या खात्यात जाणार आहेत ते वर दिसणाऱ्या नावाचं आहे. पोलीस, कोर्ट, वीज कंपनी किंवा बँक कधीही फोनवरून पैसे मागत नाही. फोन ठेवा आणि घरच्यांना विचारा."

लोकांनी वाचलं आणि तरी "पुढे" दाबलं. नोंदींमध्ये दिसतं की इशाऱ्यावर थांबण्याचा वेळ दुसऱ्या आठवड्यापासून घसरत गेला. ज्या माणसाला पलीकडून "असा मेसेज येईल, पुढे दाबा" असं सांगितलं जातंय, त्याच्यावर नुसत्या अक्षरांचा असर होत नाही.

तिसरा नियम आजपासून: हीच स्थिती आणि रक्कम १०,००० च्या वर असेल, तर व्यवहार होल्डवर जातो. खात्यावर तेवढ्या रकमेचं लीन लागतं, म्हणजे ती रक्कम अडवली जाते, पैसे बँकेतच राहतात. कॉल संपल्यानंतर एक तासाने ग्राहकाने ॲप उघडून पुन्हा एमपिन टाकला तरच जातात. "आत्ताच सोडा" असं बटण मुद्दाम ठेवलेलं नाही. ते बटण दिलं की पलीकडचा माणूस तेच दाबायला लावणार. फोन ठेवून एक तास शांत बसलेल्या माणसाला घरातलं कुणीतरी भेटतं, एवढाच यातला विचार आहे.

अडचणी: काही मुलांचे गेम व्हॉइस चॅटसाठी तोच मोड वापरतात, त्यामुळे कॉल नसताना होल्ड लागला. मोड सलग काही सेकंद टिकला तरच धरायचं केलं, तरी थोडे गैरसमज राहिलेच. आणि कॉल दुसऱ्या फोनवर असेल तर आम्हाला काहीच कळत नाही. तिथे फक्त रक्कम आणि नवीन लाभार्थी यांवरचा सर्व्हरचा नियम उरतो.

आयफोनवर इतर ॲप्सची यादी मिळत नाही, पण कॉल चालू आहे हे ॲपलच्या कॉलकिट या सोयीतून कळतं, व्हॉट्सॲपचा कॉलसुद्धा. तिथे हा नियम जास्त सरळ चालला.

१७ जुलै

मुदत ठेव. मोठ्या रकमा बचत खात्यात नसतातच. ठग आधी ऑनलाइन एफडी मोडायला लावतात, पैसे बचत खात्यात येतात आणि तिथून जातात. एफडी मोडली की तेवढी रक्कम २४ तास फक्त शाखेतून बाहेर जाईल, असा नियम मांडला.

कर्ज विभागाच्या साहेबांनी विरोध केला आणि त्यांचं म्हणणं खरं होतं: "माणूस रात्री दवाखान्यात असताना एफडी मोडतो. त्याला उद्या या म्हणणार का?" मग तातडीची सुटका कशी करायची यावर बरंच घासाघीस झालं. बँकेने नोंदणीकृत नंबरवर फोन करून खात्री करावी असं ठरत होतं. इथे मार्चमधल्या काकांचा फोन आठवला. त्यांचे कॉल फॉरवर्ड होत होते, म्हणजे बँकेचा फोन ठगालाच गेला असता आणि त्याने गोड आवाजात "हो, मीच" म्हटलं असतं.

शेवटी ठरलं ते असं. ग्राहकाने आधीच शाखेत येऊन एक विश्वासू व्यक्ती नोंदवायची: मुलगा, सून, शेजारी, कुणीही. तातडीची सुटका हवी असेल तर त्या व्यक्तीला फोन जातो आणि तिने ग्राहकाशी स्वतः बोलून होकार द्यायचा. तिला शिल्लक किंवा व्यवहार काही दिसत नाही. याशिवाय हॉस्पिटलच्या नावावरच्या खात्यात थेट भरणा असेल तर ही अट सैल केली. पेन्शनच्या दिवशी शाखांत टेबल लावून फॉर्म भरून घेतोय. याला माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतोय, कारण लोक आधी घरी विचारून येतात. विचारूनच यावं.

२१ ऑगस्ट

"खातं थांबवा" ही सोय. ॲपमध्ये एक बटण, आणि फोनच हातात नसेल तर कुठल्याही फोनवरून आयव्हीआर (आकडे दाबून चालणारी फोनसेवा). शाखा दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, रविवारी कुणी फोन उचलत नाही. फसवणूक नेमकी तेव्हाच जास्त.

तत्त्व सरळ ठेवलं: थांबवणं सोपं, पुन्हा सुरू करणं अवघड. थांबवायला खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे आणि जन्मतारीख पुरे. सुरू करायला ओळखपत्र घेऊन शाखेत.

हे भाऊबंदकीच्या कचाट्यात सापडलं. जमिनीच्या वादातल्या एका नातेवाइकाने ऐन खत खरेदीच्या वेळी दुसऱ्याचं खातं थांबवलं. जन्मतारीख घरच्यांना माहीत असणारच. आता आयव्हीआरवरून थांबवलेलं खातं १२ तासच थांबतं, ग्राहकाला एसएमएस जातो, आणि नोंदणीकृत फोनच्या ॲपमधून ते कायम करता येतं. त्या एसएमएसचा मजकूर डीएलटीवर (कंपन्यांच्या एसएमएसचे मजकूर आधी नोंदवायची दूरसंचार प्रणाली) नोंदवून मंजूर व्हायला वेळ गेला. मजकूर आधी पाठवा, कोड नंतर लिहा.

थांबवल्याबरोबर पडद्यावर १९३० मोठ्या आकड्यांत येतो आणि दाबला की फोन लागतो. खाली व्यवहाराचा यूटीआर (ओळख) क्रमांक, रक्कम आणि वेळ तयार लिहिलेली असते. तक्रार घेणारा तेच विचारतो आणि घाबरलेल्या माणसाला ते सापडत नाही.

१४ ऑक्टोबर

बँकांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत बँक डॉट इन या डोमेनवर जायचं आहे. ॲपमध्ये जुन्या पत्त्याचं सर्टिफिकेट (सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र) पिन केलेलं होतं, म्हणजे ॲप तेवढंच खरं मानायचं. पत्ता बदलला असता तर जुनी आवृत्ती असलेल्या सगळ्यांचं ॲप एका क्षणात बंद पडलं असतं. म्हणून आधी दोन्ही पिन असलेली आवृत्ती सोडली, बहुतेकांनी ती घेईपर्यंत जुना पत्ता चालू ठेवलाय. ज्यांच्या फोनवर जागाच नाही म्हणून अपडेट होत नाही, अशांची यादी शाखांना दिली. शाखेतली मुलं "गुड मॉर्निंग"चे व्हिडिओ काढून जागा करून देताहेत.

३० ऑक्टोबर

रिझर्व्ह बँकेचे पेमेंट प्रमाणीकरणाचे नवे निर्देश २५ सप्टेंबरला आले, लागू १ एप्रिल २०२६ पासून. ओळख पटवायला निदान दोन घटक, त्यातला एक त्या व्यवहारापुरताच निर्माण झालेला. निर्देश न पाळल्यामुळे ग्राहकाचं नुकसान झालं तर भरपाई पूर्ण द्यावी लागेल. एसएमएस ओटीपी बंद करा असं त्यात नाही. पण चोरी होते ती त्याचीच, म्हणून आमच्या ॲपमधल्या व्यवहारांसाठी फोनच्या कीस्टोअरमध्ये (फोनमधल्या सुरक्षित कप्प्यात) ठेवलेल्या गुप्त डिजिटल किल्लीने व्यवहारावर डिजिटल सही करायची पद्धत घेतोय. रक्कम आणि लाभार्थी त्या सहीतच बांधलेले असतील, म्हणजे सही चोरून दुसऱ्या व्यवहाराला वापरता येणार नाही.

राहिलेलं: ब्राउझरमधल्या इंटरनेट बँकिंगला कॉलचा नियम लागत नाही, म्हणून तिथून नवीन लाभार्थी जोडणं तूर्त बंद केलंय. जोडायचा असेल तर ॲपमधून. चाचणीसाठी अँड्रॉइड ९ आणि १० चे जुने फोन कर्मचाऱ्यांकडून गोळा करतोय. काहींच्या पडद्यावर चरे आहेत, एकाची बॅटरी फुगलीय ती बदलून घ्यायचीय. कीस्टोअरची पहिली चाचणी या फोनवर सोमवारी, आणि ऑपरेटर साहेबांना त्या दिवशी बोलावलंय.